टाकीतला गाळ

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला एक पत्र्याची शेड आहे. मोटारींच्या पेट्रोलच्या टाक्या आणि रेडिएटर दुरुस्त करण्याचं काम तिथे चालतं. शेडमधल्या एका फळीवर, उन्हापासून दूर, घट्ट झाकणाची एक काचेची बरणी ठेवलेली आहे. बरणीत वरच्या अंगाला चहाच्या रंगाचं पेट्रोल, त्याखाली दोन बोटं गढूळ पाणी आणि तळाशी विटकरी गाळ. बरणी हलवली की सगळं एक होतं. थोड्या वेळाने पाहावं तर जो तो आपापल्या जागी. माझ्या अब्बांच्या प्रीमिअर पद्मिनीच्या टाकीतून हा ऐवज निघाला.

इतिहासावर बोला, असं आकाशवाणीवरून सांगण्यात आलं तेव्हा मी जरा बिचकलो. मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए.च्या परीक्षेतही सनावळ्यांनी मला दगा दिलेला. पण ती बरणी आठवली आणि वाटलं, आपण गडकिल्ल्यांवर नाही बोलू शकणार, या बरणीवर बोलू. आपल्या मुलखाने पेट्रोलशी जो संसार केला, त्याची बरीचशी हकीकत तिच्यात तळाशी बसलेली आहे.

गाडी १९७४ सालची. अब्बा पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. १९८७ साली त्यांनी ती घेतली तेव्हा ते तिचे तिसरे मालक होते. नवी गाडी म्हणजे नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, असा तो काळ. स्कूटरची तीच कथा. आकुर्डीच्या कारखान्यातून स्कूटरी बाहेर पडताना आम्ही रोज बघायचो, पण शेजारच्या वस्तीतल्या माणसालाही ती मिळायला वर्षं लागत. तेव्हा तिसऱ्या हाताची का होईना, वसाहतीत चारचाकी आली याचं अप्रूप मोठं होतं. किती नवरदेव त्या गाडीतून मिरवले आणि किती बाळंतिणी रात्री-अपरात्री तिच्यातून दवाखान्यात पोचल्या, याची मोजदाद नाही. अब्बा पेट्रोलचे पैसे घेत नसत. कुणी फारच आग्रह केला तर म्हणत, ‘टाकीत टाका, हातात देऊ नका.’

२०१९ मध्ये अब्बा गेले. गाडी इमारतीखाली कापड पांघरून उभी राहिली. मधे महामारी आली, मग राहूनच गेलं. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करण्याचा नियम केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढला होता. त्याची फी २० हजार रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. आमच्या गाडीला २०२४ मध्ये पन्नास वर्षं झाली. भावंडांत दोन मतं पडली. एक, भंगारात द्यावी. दुसरं, नोंदवून ठेवावी. दुसरं मत एकट्या माझं होतं. त्यामुळे खर्चही माझाच.

२०२५ च्या पावसाळ्याआधी नवी बॅटरी घातली, पाच लिटर ताजं पेट्रोल ओतलं आणि चावी फिरवली. गाडी चक्क सुरू झाली! फाटकापर्यंत गेली, दोन आचके दिले आणि बसली. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला, तर त्याच्या वाटीत हळदीकुंकू सांडल्यासारखी पूड. जेट बंद, पंपाची जाळी बंद. त्याने सगळं साफ करून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘खालून पुसून काय होणार? टाकी उतरवा.’ अशा रीतीने मी भोसरीच्या उस्तादांकडे पोचलो.

उस्ताद सत्तरीचे. त्यांचे वडील कल्हईवाले होते. भाता, नवसागर, कथील घेऊन गल्लोगल्ली फिरायचे. पितळेची भांडी गेली, स्टील आलं आणि कल्हईचा धंदा बसला, तेव्हा पोराने तीच विद्या रेडिएटर आणि टाक्यांवर चालवली. मला हे ऐकून आश्चर्य वाटलं, तर ते म्हणाले, ‘भाई, टाकीलाही आतून कल्हईच असते.’

ते खरं आहे. त्या काळच्या मोटारींच्या टाक्या ज्या पत्र्याच्या करत, त्या पोलादी पत्र्यावर शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाचा पातळ मुलामा असे. तो शाबूत आहे तोवर पत्रा गंजत नाही. पण टाकीचे दोन अर्धे जिथे जोडलेले असतात त्या शिवणीवर, भोकांच्या कडांवर मुलामा विरळ होतो. आणि पाणी नेमकं तिथेच बसतं.

आता टाकीत पाणी येतं कुठून? आपल्याला वाटतं, पंपवाल्याने घातलं. कधी तेही असतं. पण बहुतेक वेळा टाकी स्वतःच पाणी पिते. अर्धी भरलेली टाकी दिवसा तापते, तिच्यातली हवा फुगून बाहेर पडते. रात्री गार होते, तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात ही हवा दमट असते. तिच्यातला ओलावा वरच्या रिकाम्या पत्र्यावर थेंब धरतो आणि ओघळतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळ गाठतं आणि वर पेट्रोलचं झाकण असल्यामुळे उडून जात नाही. म्हणजे गाडी ठेवायची तर टाकी एक तर तुडुंब भरून ठेवावी, नाहीतर पार कोरडी. आमची पावभर भरलेली होती. त्या पाच पावसाळ्यांचा दोष कुणा कंपनीचा नाही, सरकारचा नाही, आमचाच आहे.

बरणीतला तळाचा थर असा घरचा. मधल्या थराची गोष्ट मात्र लांबची आहे आणि ती सांगायची तर वालचंद हिराचंद यांच्यापासून सुरुवात करावी लागेल.

वालचंद मूळ सोलापूरचे, जन्म १८८२ चा. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही इथे बनली पाहिजेत असा ध्यास घेतलेला माणूस. मोटारीच्या कारखान्याची योजना विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकात मांडली होती. वालचंदांनी ती उचलून धरली, पण ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून गाड्या जुळवायला लागले. आधी क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ, मग पन्नाशीच्या दशकात फियाट. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. पुढे फियाटचं नाव उतरलं, गाडी काही काळ ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. चितोडच्या पद्मिनीचं नाव. तिची कथा अवधी भाषेत १५४० मध्ये लिहिणारा मलिक मुहम्मद जायसी मुसलमान कवी होता, हे मी अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी बॉनेटवर हात ठेवून ‘वा’ म्हटलं होतं. कवितेसाठी त्यांच्याकडून मिळालेली ती बहुधा एकमेव दाद.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदवलेली होती. टॅक्सीचं वय वीस वर्षांहून जास्त चालत नाही, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. प्रीमिअरचा एक कारखाना आमच्या चिंचवडलाही होता. तिथे यंत्रं तयार होत आणि २००९ पासून रिओ नावाची छोटी गाडीही निघाली. अब्बा त्या फाटकावरून जाताना हॉर्न वाजवायचे. सासरचं घर आलं म्हणून, असं अम्मी म्हणायची.

पण वालचंदांची दुसरी ओळख साखरेची. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला १९३३ मध्ये त्यांनी साखर कारखाना उभारला, आणि इंदापूरकडे कळंबला दुसरा. त्या गावाचं पुढे वालचंदनगर झालं. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना निघाला आणि मग उसाने महाराष्ट्राचं राजकारण, अर्थकारण सगळंच व्यापलं. साखर कारखान्यातून मळी निघते, मळीपासून मद्यार्क निघतो, आणि हा मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळून गाडी चालते, हे काही आजचं ज्ञान नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्षाच्या आत, १९४८ मध्ये, पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासाठी ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ झाला होता. तो कागदावरच म्हातारा झाला आणि २००० मध्ये रद्द केला गेला. आणि रद्द झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, २००१ मध्ये, पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग सुरू झाले. जागा तीन. एक उत्तर प्रदेशातली, दोन आपल्याकडच्या, मिरज आणि मनमाड. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ते लागू झालं. मधे उसाच्या टंचाईने रखडलं, पुन्हा सुरू झालं. जून २०२२ मध्ये देशभरात सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पसरलं. आता त्यात मका आणि तांदळाचाही मोठा वाटा आहे.

इथेनॉल पाण्याला जवळ करतं. थोडं पाणी असलं तर ते विरघळवून घेऊन इंजिनात जाळून टाकतं, हा झाला गुण. पण गाडी महिनोन् महिने उभी राहिली आणि पाणी वाढत गेलं, तर एका मर्यादेनंतर इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर खाली उतरतं. दहा टक्के मिश्रणात अर्धा टक्का पाणीही त्याला पुरतं. खाली उतरलेला हा मद्यार्क-पाण्याचा थर पत्र्याला खातो. शिवाय इथेनॉल जुने चिकट साके सोडवतं, जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा फुगवतं. बरणीतली दोन बोटं गढूळ पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, ते हे आहे.

उस्तादांनी मला एक गंमत दाखवली. मापाच्या काचनळीत त्याच दिवशी आणलेलं शंभर मिली पेट्रोल घेतलं, त्यात दहा मिली पाणी घातलं, हलवून ठेवलं. थोड्या वेळाने खालचा थर दहाचा तिसाच्या घरात गेला. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याकडे पळालं! ‘ऊस उतरला बघा खाली,’ ते म्हणाले.

वालचंदांच्या मोटारीला वालचंदांच्या उसाने गाठलं, असं म्हणण्याचा मोह कवीला होतो. पण मी इथेनॉलच्या विरोधात उभा नाही. उसाचे, मक्याचे दोन पैसे शेतकऱ्याला मिळत असतील आणि परदेशी तेलाचं बिल कमी होत असेल, तर माझ्या एका टाकीचं काय मोठंसं? तक्रार एवढीच की जुन्या गाडीवाल्याला आणि त्याहून जास्त जुन्या मेकॅनिकला कुणी वेळेवर नीट सांगितलं नाही. काही जुन्या वाहनांत रबराचे भाग आणि गास्केटं लवकर बदलावी लागू शकतात, हे सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं. तोवर साध्या पंपावर दुसरं पेट्रोल मिळेनासं झालं होतं.

मनमाडचं नाव आलंच आहे, तर या बरणीत जे दिसत नाही त्याबद्दलही बोललं पाहिजे. पाणी वेगळं होतं, गाळ खाली बसतो, पण रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळलं की त्याचा थर होत नाही. ते दिसतच नाही. रेशनचं रॉकेल निळ्या रंगाचं करण्याचं कारण तेच, निदान रंगावरून तरी ते कळावं. गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त दिलेलं रॉकेल आणि महाग पेट्रोल, या दोन भावांमधल्या फरकावर टँकरच्या टँकर पोसले गेले. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाची भेसळ चाललेली पाहून थांबले. त्यांना तिथे जिवंत जाळण्यात आलं. दिवसाउजेडी.

ती बातमी अब्बांनी कापून गाडीच्या कप्प्यात ठेवली होती. त्यानंतर ते कोणत्याही पंपावर गेले की आधी गाळणकागद मागायचे. तो मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नळीच्या तोंडाचा एक थेंब कागदावर टाकायचा. दोन मिनिटांत उडून गेला आणि मागे डाग राहिला नाही, तर पेट्रोल चांगलं. मागे हॉर्न वाजत, पोरं हसत. मला लाज वाटायची. म्हातारा माणूस हातात कागद धरून फुंकर न घालता उभा, डाग राहतो का बघत. टाकी साफ करायच्या वेळी कप्पा उघडला तेव्हा ते कात्रण आणि चार कोरे कागद निघाले.

आता टाकी साफ कशी केली ते सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत जुन्या गाड्यांचे शौकीन असतील आणि घरी करून बघण्याची खुमखुमी त्यांना येईल. ती आवरा. उस्तादांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याची खूण आहे. कोवळ्या वयात एका रिकाम्या टाकीला डाग द्यायला गेले होते. टाकी दोन दिवस उघडी होती, आत थेंब नव्हता. पण पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असली की पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफ याहून दाट असते, म्हणून एक वेळ ती वाचते. रिकामी टाकी म्हणजे तयार बाँब. ‘रिकामी म्हणाली की समजायचं, खोटं बोलतीय,’ उस्ताद म्हणाले. आता ते टाकी आधी साबणाच्या गरम पाण्याने तीन-तीनदा धुतात, मग डाग द्यायचा तर गळ्यापर्यंत पाण्याने भरतात आणि डागाच्या जागेपुरतीच पोकळी ठेवतात.

आमच्या टाकीतला गाळ त्यांनी रबरी हातमोजे घालून काढला. हे हातमोजे अलीकडचे. त्यांची उमेदवारी झाली ती शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यात. इंजिनातली खडखड थांबवायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालण्याची युक्ती अमेरिकेत १९२१ मध्ये निघाली. १९२४ मध्येच तिकडच्या न्यू जर्सीत ते बनवणाऱ्या कारखान्यात पाच कामगार वेड लागून मेले. तरीही जगाने ते शतकभर जाळलं. आपल्याकडे शिसं नसलेलं पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर. सर्वांत शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते थांबवलं. तोपर्यंत आपल्या गॅरेजांमधून काय चाललं होतं? पोरं पेट्रोलने हात धूत होती, पेट्रोलने पुर्जे धूत होती, आणि एका टाकीतून दुसरीत काढायचं तर नळी तोंडाला लावून ओढत होती. ‘दिवसाला एखादा घोट पोटात जायचाच,’ उस्ताद सहज म्हणाले. पन्नास वर्षांच्या टाकीच्या शिवणीत, तळाच्या वार्निशासारख्या थरात त्या शिशाचा अंश अजून असू शकतो. म्हणून तो गाळ गटारात ओतायचा नाही आणि उघड्या हाताने काढायचा नाही.

गाळ निघाल्यावर टाकीत साखळीचा तुकडा आणि मूठभर नट टाकले, पाणी घातलं, आणि उस्ताद व त्यांचा नातू दोघांनी दोन बाजूंना धरून ती पाळण्यासारखी हलवली. तासभर. मग फॉस्फरिक आम्लाचं पातळ पाणी रात्रभर. मी म्हटलं, आमचं चिंचवड चिंचेचं, चिंचेच्या कोळाने नाही का होणार? ते हसले नाहीत. चिंचेत आम्ल असतं, पूर्वी त्यांच्या वडिलांनी तांब्या-पितळेला तेच वापरलं होतं. पण टाकीत चोथा अडकला तर पुन्हा जाळी बंद, म्हणाले. सकाळी आम्ल ओतून दिलं, सोड्याच्या पाण्याने मारलं, आणि लगेच गरम हवेने सुकवलं. इथे वेळ घालवायचा नसतो. उघडा पत्रा ओला राहिला तर डोळ्यांदेखत तांबूस होतो.

आतून इपॉक्सीचा लेप द्यावा का, यावर आमचा वाद झाला. मला नवी टाकी मिळाल्यासारखं वाटलं असतं. उस्ताद तयार नव्हते. जुने लेप इथेनॉलने सुटतात आणि पापुद्रे होऊन नळीत बसतात, हे त्यांनी अनेक गाड्यांत पाहिलेलं. शिवणीला दोन जागी त्यांनी कथलाचे डाग दिले आणि आत पातळ तेल फिरवलं. ‘टाकी भरलेली ठेवा आणि दर पंधरवड्याला चालवा. लेप त्याचाच,’ म्हणाले.

त्यांच्याकडे आता महिन्याला मोजक्याच टाक्या येतात. १९७३ मध्ये जर्मनीत फोक्सवॅगनने पसाट गाडीला प्लास्टिकची टाकी बसवली आणि हळूहळू सगळ्या जगाने तेच केलं. त्याच कंपनीचा कारखाना २००९ पासून आमच्या चाकणला आहे. प्लास्टिकच्या टाकीला गंज नाही, डाग नाही, कल्हई नाही. नातू चाकणला एका विजेच्या गाड्यांचे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला आहे. सुट्टीच्या दिवशी आजोबांकडे येतो, टाकी हलवण्यापुरता.

टाकी बसवली, नवी जाळी घातली, नव्या रबरी नळ्या घातल्या. कॅनमध्ये दहा लिटर पेट्रोल आणलं होतं. उस्तादांनी भिंतीवरची नळी काढली, एक टोक कॅनमध्ये सोडलं आणि दुसरं, इतक्या वर्षांच्या सवयीने, तोंडाकडे नेलं. नातवाने काही न बोलता ती त्यांच्या हातातून घेतली आणि हातपंप जोडला.